मैदाने खरी, नावे खोटी

१९९४ साली निन्टेन्डोने आपल्या 'सुपर निन्टेन्डो' या घरगुती कन्सोलसाठी बेसबॉलचा एक व्हिडिओ गेम काढला. नाव 'केन ग्रिफी ज्युनिअर प्रेझेंट्स मेजर लीग बेसबॉल'. तो तयार केला होता मँचेस्टरच्या सॉफ्टवेअर क्रिएशन्स या कंपनीने. त्यात २८ही संघ खऱ्या नावांनी आणि बोधचिन्हांनी येतात; मैदानेही खरी आहेत. खेळाडू मात्र नावानिशी एकच खरा : सिएटल मरिनर्सचा ग्रिफी. बाकीच्यांची नावे बनावट. गंमत अशी, की त्या बनावट नावांपुढे फलंदाजीची सरासरी आणि होमरन आहेत ते खऱ्याखुऱ्या खेळाडूंचे!

असे का झाले? कारण हक्क दोन ठिकाणी विभागलेले होते. संघांची नावे-चिन्हे मालकांच्या साखळीकडे. खेळाडूंची नावे एकत्रितपणे वापरण्याचा परवाना खेळाडूंच्या संघटनेकडे. १९६६ साली पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले मार्विन मिलर तिचे प्रमुख झाले. त्यानंतर हा सामूहिक परवाना संघटनेच्या बळाचा एक आधार बनला. निन्टेन्डोकडे साखळीचा परवाना होता, ग्रिफीशी करार होता. संघटनेचा परवाना नव्हता.

याच्या नेमके उलटे उदाहरण १९८८ सालच्या टेंगेनच्या 'आर.बी.आय. बेसबॉल'चे. तिथे संघटनेचा परवाना होता, साखळीचा नव्हता. म्हणून खेळाडू खरे, पण संघ नुसते शहरांच्या नावांचे.

ग्रिफीच का, याचा धागाही मालकीशी जुळतो. १९९२ साली मरिनर्स संघ ज्या गटाने विकत घेतला, त्यात निन्टेन्डोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांचा पैसा सर्वांत मोठा होता. पुढे १२ ऑगस्ट १९९४ रोजी, मालकांना हव्या असलेल्या वेतनमर्यादेविरुद्ध खेळाडू संपावर गेले. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली. म्हणजे पडद्यावर जे मालक आणि खेळाडू वेगळे झालेले दिसत होते, ते त्याच वर्षी मैदानावरही वेगळे झाले.

या गेममध्ये नावे बदलून जतन करण्याची सोय आहे. ज्याला आकडे पाठ आहेत, तो संघ, जागा आणि सरासरी पाहून माणूस ओळखतो आणि एकेक अक्षर निवडून त्याचे नाव त्याला परत देतो. कष्टाचे आकडे नावावाचून घेता आले. पण त्या आकड्यांनीच अखेर माणसाची ओळख सांगितली.