प्राथमिक शाळेच्या प्रारंभिक इयत्ता आणि पालकांशी संवाद : आशय, माध्यमे व मर्यादा

प्रस्तावना :
शाळेतून परतलेल्या पहिलीच्या मुलाला “आज काय शिकवलं?” असे विचारले, तर “काही नाही, खेळलो” असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर खोटे नसते. सहा-सात वर्षांचे मूल मणी ओवताना मोजणी शिकते, गोष्ट ऐकताना शब्दसंपत्ती मिळविते आणि रांगेत थांबताना स्वनियंत्रण आत्मसात करते. मात्र आपण काय शिकलो हे शब्दांत सांगण्याची क्षमता त्याच्याजवळ अद्याप आलेली नसते. परिणामी, वर्गात काय घडते हे जाणून घेण्यासाठी पालकांपुढे एकच दृश्य पुरावा उरतो, तो म्हणजे वही. वही भरलेली असेल तर शिक्षण झाले आणि कोरी असेल तर दिवस वाया गेला, असा निष्कर्ष घरी काढला जातो. प्रारंभिक इयत्तांमधील अध्ययनाची माहिती पालकांना का द्यावी, कोणती द्यावी आणि कशी द्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायदेशीर व धोरणात्मक अधिष्ठान :
पालकांना माहिती देणे हा शिक्षकाच्या सौजन्याचा भाग नसून ते त्याचे वैधानिक कर्तव्य आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मधील कलम २४ नुसार शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घेऊन बालकाची उपस्थिती, अध्ययनक्षमता, अध्ययनातील प्रगती व अन्य संबंधित माहिती त्यांना अवगत करून देणे बंधनकारक आहे. याच अधिनियमाच्या कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य माता-पिता किंवा पालक असावे लागतात. या दोन तरतुदींचे हेतू भिन्न आहेत. समिती शाळेच्या कारभाराकडे पाहते, तर वर्गशिक्षकाचा संवाद एकेका मुलाच्या शिकण्याविषयी असतो. समितीची सभा झाली म्हणजे पालकांना माहिती मिळाली, असे मानणे योग्य ठरत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत स्तर मानला असून इयत्ता पहिली व दुसरी त्यात समाविष्ट होतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने इयत्ता तिसरीपर्यंत प्रत्येक मुलास पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान मिळावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. यातील बराचसा सराव घरच्या बोलण्यातून व व्यवहारातून होऊ शकतो. त्यासाठी वर्गात काय चालले आहे हे घराला माहीत असावे लागते.

‘काय’ बरोबर ‘का’ : २०१९ चे उदाहरण
अध्यापनपद्धतीतील बदलामागील कारण पालकांपर्यंत आधी पोहोचले नाही तर काय घडू शकते, याचे बोलके उदाहरण महाराष्ट्राने २०१९ मध्ये अनुभवले. इयत्ता दुसरीच्या नव्या गणित पुस्तकात ‘एकवीस’ या संख्येचे ‘वीस एक’ असेही वाचन देण्यात आले होते. मराठीत ‘त्र्याहत्तर’ म्हणताना तीनचा उच्चार आधी होतो, परंतु अंकांत लिहिताना सात आधी येतो. त्यात जोडाक्षरांची भर पडते. ‘सत्तर तीन’ या वाचनात उच्चाराचा व लेखनाचा क्रम जुळतो. कन्नड, तेलुगू व इंग्रजी या भाषांत मोठ्या संख्यांचे वाचन याच क्रमाने होते. जुनी संख्यानामे पुस्तकातून काढलेली नव्हती, दोन्ही वाचने दिलेली होती. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी ही भूमिका स्पष्टही केली. तथापि तोवर वृत्तपत्रे, समाजमाध्यमे आणि विधिमंडळ येथे वाद पेटला होता आणि विनोदही सुरू झाले होते.

या पद्धतीच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतात. परंतु घरी ‘वीस एक’ची थट्टा होत असताना वर्गात तेच वाचन शिकणाऱ्या मुलाची कोंडी होते, हे नाकारता येत नाही. त्याला बाई आणि आई यांपैकी एकीला चूक ठरवावे लागते. अशी कोंडी लहान प्रमाणावर अनेक वर्गांत घडत असते. शिक्षक अक्षरे गटागटाने शिकवितात, तर घरी ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत पाठांतराचा आग्रह धरला जातो. वर्गात मुलाच्या स्वतःच्या लेखनातील अशुद्धता काही काळ स्वीकारली जाते, तर घरी तोच शब्द वीस वेळा लिहून घेतला जातो. पालकांचा हेतू चांगलाच असतो. त्यांना उणीव असते ती कारण समजण्याची. म्हणून माहितीमध्ये ‘काय शिकवितो’ याबरोबर ‘असे का शिकवितो’ हेही असणे अत्यावश्यक आहे.

माहितीचा आशय :
प्रारंभिक इयत्तांच्या पालकांना द्यावयाची माहिती स्थूलमानाने चार प्रकारांत विभागता येईल.

१) दिनक्रम : परिपाठ, गोष्टीची वेळ, गटकार्य, मधली सुट्टी, पोषण आहार आणि खेळ यांचा क्रम व हेतू पालकांना ठाऊक असावा. परिपाठात गाणी व संभाषण यांतून भाषाशिक्षण होते हे कळल्यास ‘अर्धा तास उशीर झाला तर काय बिघडले’ ही वृत्ती कमी होऊ शकते.

२) चालू घटक : आठवड्यातून एकदा दोन-तीन वाक्ये पुरेशी असतात. उदाहरणार्थ, “या आठवड्यात मुले दशक शिकत आहेत. घरी काड्यांचे किंवा शेंगदाण्यांचे दहा-दहाचे गट करून मोजायला सांगा. पाढे पाठ करून घेण्याची घाई नको.” यात विषय, कृती आणि काय टाळावे या तिन्ही बाबी येतात.

३) मुलाची प्रगती : महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी अपेक्षित आहेत. प्रत्यक्षात ‘प्रगती समाधानकारक’ किंवा ‘सुधारणा आवश्यक’ अशी ठोकळेबाज वाक्ये अनेकदा आढळतात. त्यांतून पालकांना काहीच कळत नाही. “दोन अक्षरी शब्द वाचतो, मात्रा आली की अडखळतो” ही नोंद तितकीच लहान असूनही अर्थपूर्ण आहे. तुलना मुलाच्या आधीच्या कामगिरीशी असावी, शेजारच्या मुलाशी नसावी.

४) बदल व अडचणी : वेळापत्रक, शिक्षक किंवा पुस्तक यांतील बदल आधी कळविले पाहिजेत. इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरविण्याचा शासननिर्णय २०२४ मध्ये झाला. अशा बदलाने मजुरीला जाणाऱ्या घराचा अख्खा दिवसक्रम बदलतो.

माध्यमे आणि त्यांच्या मर्यादा :
२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरता ८२.३ टक्के, तर स्त्रियांची साक्षरता ७५.९ टक्के होती. याचा अर्थ त्या वेळी सात वर्षांवरील सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांपर्यंत लेखी सूचना वाचनाद्वारे पोहोचू शकत नव्हती. व्हॉट्सअ‍ॅप गट सोयीचे असले तरी घरातील एकमेव भ्रमणध्वनी वडिलांसोबत कामावर जातो आणि अभ्यास घेणारी आई संदेशापासून दूर राहते. लेखी मजकुराऐवजी शिक्षकाच्या आवाजातील अर्ध्या मिनिटाचा संदेश, वर्गाच्या दारावरील चित्रमय दिनक्रम आणि शाळा सुटतानाचे दोन शब्द अधिक परिणामकारक ठरू शकतात.

सभेची वेळही विचारपूर्वक ठरवावी लागते. दुपारी अकराच्या सभेला रोजंदारीवरील पालक आला तर त्याचा दिवसाचा रोज बुडतो. तो आला नाही म्हणून ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा मारणे अन्यायकारक आहे. ऊसतोडणीसाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबे दरवर्षी काही महिने स्थलांतर करतात. मागे राहिलेल्या मुलांचे पालकत्व तेव्हा आजी-आजोबांकडे असते. माहिती त्यांनाच मिळाली पाहिजे. सभेत सर्वांसमोर एखाद्या मुलाची अधोगती वाचून दाखविल्यास तो पालक पुढील सभेला येत नाही. अशी माहिती एकांतातच द्यावी.

२०२२ मध्ये राज्यात राबविलेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात मातांचे गट तयार करण्यात आले आणि घरी करावयाच्या सोप्या कृती त्यांच्यापर्यंत पोहोचविण्यात आल्या. आई ही केवळ सूचना ऐकणारी नसून अध्ययनातील भागीदार आहे, हे तत्त्व यामागे आहे.

संवादाची दुसरी बाजू :
माहिती केवळ शाळेकडून घराकडे वाहत राहिली तर ती सूचना ठरते, संवाद होत नाही. मूल घरी गोरमाटी, वारली किंवा भिली बोलते. ते वर्गात गप्प असले तरी घरी लांबलचक गोष्ट सांगते. धाकट्या भावंडाला सांभाळताना ते रात्री उशिरा झोपते. या गोष्टी पालकांशिवाय शिक्षकाला कोण सांगणार? अशा माहितीमुळे ‘मंद’ ठरविलेले मूल प्रत्यक्षात केवळ अनोळखी भाषेशी झगडत आहे, हे उमगू शकते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड परिसरात बालशिक्षणाचे कार्य करताना मुलाच्या परिसराला व घराला शिक्षणाचा आधार मानले. ती दृष्टी आजही मार्गदर्शक आहे.

समारोप :
पालकांना माहिती देणे हे शिक्षकाच्या कामातील अतिरिक्त ओझे मानले जाते. परंतु घर आणि वर्ग परस्परविरुद्ध दिशांना ओढत असतील तर वर्गातील श्रमाचा मोठा भाग वाया जातो, आणि ती ओढाताण सोसावी लागते सहा वर्षांच्या मुलाला. या दृष्टीने अध्यापक विद्यालये व शिक्षणशास्त्र महाविद्यालये यांचीही जबाबदारी आहे. छात्राध्यापकांकडून पाठाचे टाचण काटेकोरपणे करून घेतले जाते. त्याच पाठाचा हेतू एखाद्या निरक्षर आईला तीन वाक्यांत समजावून सांगण्याचा सराव मात्र क्वचितच दिला जातो. प्रत्येक सराव पाठासोबत असे एक पालक-निवेदन तयार करणे आवश्यक केल्यास विशेष खर्च येणार नाही. जो शिक्षक आपल्या पद्धतीचे कारण साध्या शब्दांत सांगू शकतो, त्याला ती पद्धत स्वतःला कितपत उमगली आहे याचीही खात्री पटते.