वाया जाणाऱ्या धुराचा जोर

औशाहून लातूरला जाताना, मालट्रकला झपाट्याने मागे टाकणारी एखादी छोटी मोटार तुम्ही पाहिली असेल. एवढ्याशा इंजिनात हा जोर येतो कुठून?

चाकणला तयार झालेली, २०१३ साली बाजारात आलेली पोलो जीटी टीएसआय घ्या. साध्या पोलोइतकेच १.२ लिटरचे इंजिन. पण शक्ती ७५ ऐवजी १०५ अश्वशक्ती! याचे मुख्य कारण टर्बोचार्जर. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर त्याचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक वेळा फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र इंजिनात जादा हवा कोंबते. म्हणून जादा इंधन जळते.

मात्र त्याच उष्णतेने वंगणाचे तेल करपते, दांडा झिजतो, दुरुस्ती महाग पडते. तरीही शौकीन अशी गाडी सोडत नाहीत. मोठ्या इंजिनाचा जोर त्यांना कमी पैशांत मिळतो. वेगाने धावल्यावर ते इंजिन मिनिटभर सावकाश चालू ठेवतात, मगच बंद करतात. यंत्र समजले, की त्याची निगा राखण्यातही गोडी वाटते.