लावा पक्ष्यांची अंडी आणि पिंजऱ्यातील उजेड

घराच्या पडवीत जपानी लावा पक्षी पाळणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. पावसाळा सरून थंडी सुरू झाली की अंडी घटतात. मग खाद्य बदलले जाते, औषधे आणली जातात आणि शेवटी पक्षी विकून टाकले जातात. खाद्य व रोग यांकडे दुर्लक्ष करावे असे नाही. परंतु पुष्कळदा दोष असतो तो उजेडाचा.

१९७४ साली इज्जतनगर येथील भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने हा पक्षी अमेरिकेतून भारतात आणला. मादी सहाव्या-सातव्या आठवड्यातच अंड्यावर येते. पक्षी जेमतेम दोनशे ग्रॅमचा आणि अंडे सुमारे १० ग्रॅमचे. म्हणजे प्रत्येक अंड्यामागे मादी आपल्या वजनाचा विसावा हिस्सा देते. हा भार शरीराने केव्हा उचलावा, हे मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरते. उजेड कवटीतून झिरपून मेंदूच्या आतील पेशींना जाणवतो. दिवस मोठा असल्यास अंडाशयास चालना देणारी संप्रेरके स्रवतात, लहान झाल्यास ती ओसरतात. रानातील लावा पक्षी विणीचा हंगाम याच खुणेवरून ओळखतो.

अंड्यावरील मादीस रोज १४ ते १६ तास उजेड लागतो. गोव्यात डिसेंबरातील सर्वांत लहान दिवस सुमारे सव्वाअकरा तासांचा, तर जूनमधील सर्वांत मोठाही तेरा तासांच्या आसपास असतो. केवळ सूर्यावर विसंबल्यास ही तूट बारमाही राहते. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यापर्यंत १२ तास उजेड पुरे. पुढे दर आठवड्यास एक तास वाढवीत नवव्या आठवड्यात तो १६ तासांवर आणावा. त्यासाठी पहाटे पाचपासून उजाडेपर्यंत आणि सायंकाळपासून रात्री नऊपर्यंत दिवा लावावा. दिवा मंद चालतो, मात्र वेळ चुकता कामा नये. आज चार तास, उद्या एक तास अशा लहरीपणाने अंडी हमखास घटतात. वीज वारंवार जात असल्यास बॅटरीवरील दिवा जवळ ठेवावा. रात्रभर दिवा जाळून अधिक अंडी मिळतात हा मात्र गैरसमज होय.

पिंजऱ्यात प्रत्येक पक्ष्यास किमान २०० चौरस सेंटिमीटर जागा मिळावी. दाटी झाल्यास पक्षी एकमेकांस टोचतात. दचकलेला लावा सरळ वर उसळी घेतो. म्हणून छत सुमारे २५ सेंटिमीटरवरच ठेवावे, म्हणजे उसळीस जोर येत नाही व डोके फुटत नाही. एकावर एक पिंजरे असल्यास खालच्या कप्प्यांत काळोख राहतो. तेथे निराळा दिवा हवा. पावसाळ्यात विष्ठा साचून डोळ्यांना झोंबणारा वायू सुटतो, तेव्हा ती वरचेवर काढावी आणि हवा खेळती ठेवावी.

कोंबडी बहुधा सकाळी अंडी घालते. लावा मात्र दुपार कलल्यावर. त्यामुळे अंडी संध्याकाळी, दिवा लावतानाच गोळा करावीत आणि उरलीसुरली दुसऱ्या दिवशी सकाळी.