सीसीएनएची तयारी : क्लास, पुस्तक आणि लॅब

‘सिस्को सर्टिफाइड नेटवर्क असोसिएट’ म्हणजेच सीसीएनए. नेटवर्किंगमध्ये नव्याने पाऊल ठेवणाऱ्यांचे हे सर्वांत परिचित प्रमाणपत्र सिस्को कंपनीने १९९८ मध्ये सुरू केले. पुढे त्याला सिक्युरिटी, वायरलेस, व्हॉइस अशा शाखा फुटल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांतल्या बहुतेक गुंडाळून २००-३०१ क्रमांकाची एकच परीक्षा ठेवण्यात आली. वेळ १२० मिनिटे, शुल्क ३०० डॉलर आणि वर कर. पदवीची किंवा आधीच्या कुठल्या प्रमाणपत्राची अट नाही. त्यामुळे अभियंता, पदविकाधारक आणि हेल्पडेस्कवरून पुढे सरकू पाहणारा कर्मचारी या तिघांनाही परीक्षा तीच.

अभ्यासक्रमाचे सहा भाग आहेत. त्यांचा भार पाहिला की वेळ कुठे घालवायचा हे आपोआप ठरते. आयपी कनेक्टिव्हिटी, म्हणजे मुख्यतः राउटिंग, २५ टक्के; नेटवर्कची मूलतत्त्वे आणि स्विचिंगचा भाग प्रत्येकी २० टक्के; सुरक्षा १५ टक्के; आयपी सेवा आणि ऑटोमेशन प्रत्येकी १० टक्के. ऑटोमेशनच्या नावाने अनेकजण बिचकतात, पण तिथे प्रोग्राम लिहावा लागत नाही. जेसन स्वरूपातली माहिती वाचता आली आणि एपीआय कशासाठी असते हे कळले, तर बराचसा भाग आवाक्यात येतो.

खरी अडचण सबनेटिंगची. १९२.१६८.१०.७७/२६ हा पत्ता कोणत्या नेटवर्कमधला, असा प्रश्न येतो. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा. त्यातले २६ नेटवर्कचे, म्हणून होस्टसाठी ६ उरतात. सहा बिटांत ६४ पत्ते बसतात, म्हणजे नेटवर्क ०, ६४, १२८ आणि १९२ या आकड्यांपासून सुरू होतात. ७७ हा आकडा ६४ आणि १२८ यांच्यामध्ये पडतो. म्हणून नेटवर्कचा पत्ता १९२.१६८.१०.६४, ब्रॉडकास्टचा १९२.१६८.१०.१२७ आणि उपकरणांना देता येण्याजोगे पत्ते ६५ ते १२६, एकूण ६२. वाचताना हे सोपे वाटते, मात्र परीक्षेत कॅल्क्युलेटर मिळत नाही. असे एक उदाहरण मिनिटाच्या आत सुटेपर्यंत रोज थोडी उदाहरणे कागदावर सोडवत राहावे. सबनेटिंग कच्चे राहिले तर राउटिंग, ॲक्सेस लिस्ट आणि नॅट हे तिन्ही विषय लंगडे पडतात.

दुसरा आधार लॅबचा. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर नेटवर्किंग ॲकॅडमीवर नोंदणी केली की मोफत मिळते, आणि साध्या लॅपटॉपवर चालते. सीसीएनएच्या पातळीला राउटर-स्विच विकत घेण्याची गरज नाही. व्हिडिओत दाखवलेल्या कमांड तशाच्या तशा टाइप करून पुढे जाणे मात्र अपुरे. नेटवर्क चालू झाले की ते मुद्दाम बिघडवावे आणि कारण शोधावे. उदाहरणार्थ, दोन राउटरवर ओएसपीएफ सुरू आहे, तरी ते एकमेकांचे शेजारी होत नाहीत. कदाचित एका बाजूचा एरिया क्रमांक वेगळा असेल. कदाचित सबनेट मास्क जुळत नसेल, किंवा हेलोची वेळ एकीकडे १० सेकंद आणि दुसरीकडे ३० असेल. ‘शो’ने सुरू होणाऱ्या कमांडच्या उत्तरातून हा दोष हुडकणे हेच नोकरीतले काम, आणि परीक्षेतले लॅब-प्रश्नही हीच समज तपासतात.

क्लास लावायचा की घरीच अभ्यास करायचा, हा प्रश्न यानंतरचा. साहित्याची वानवा नाही. वेंडेल ओडम यांचे दोन खंडांचे ‘ऑफिशियल सर्ट गाइड’ सविस्तर आहे. ‘जेरेमीज आयटी लॅब’ची पूर्ण मालिका यूट्यूबवर मोफत आहे. शिस्तीने बसणाऱ्याला एवढे पुरते. क्लासचा खरा उपयोग वेळापत्रकाचा आणि अडल्यावर विचारता येण्याचा. म्हणून फी भरण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : लॅबला आठवड्यात किती तास मिळतात आणि शिकवणाऱ्याने प्रत्यक्ष नेटवर्क सांभाळले आहे का. नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीवर फी ठरवू नये. प्रमाणपत्राने मुलाखतीचे दार उघडू शकते, पण तिथे पुन्हा व्हीलॅन आणि राउटिंग टेबलबद्दलच विचारतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी आणखी एक तयारी लागते. परीक्षा इंग्रजी आणि जपानी या दोनच भाषांत होते. संकल्पना मराठीतून समजून घ्यायला हरकत नाही, उलट ती पक्की बसते. मात्र सराव प्रश्न पहिल्यापासून इंग्रजीतच आणि घड्याळ लावून सोडवावेत, कारण लांबलचक प्रश्न वाचण्यातच वेळ जातो. शिवाय पुढच्या प्रश्नाकडे गेल्यावर मागे येता येत नाही.

फुटलेल्या प्रश्नांचे संच, ज्यांना ‘डम्प्स’ म्हणतात, ते पाठ करून उत्तीर्ण होण्याचा मोह टाळलाच पाहिजे. हा सिस्कोच्या नियमांचा भंग आहे, आणि तो उघड झाल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. पाठांतरावर आलेला माणूस पहिल्या बिघाडापाशीच अडतो, हे नुकसान त्याहून मोठे.

परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर किंवा घरून ऑनलाइन देखरेखीखाली देता येते. अनुत्तीर्ण झाल्यास पाच दिवस थांबून पुन्हा बसता येते. शुल्क पुन्हा पूर्ण भरावे लागते. निकालपत्रात विभागवार टक्केवारी असते, ती पाहूनच पुढची तयारी आखावी. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. ती संपण्याआधी परीक्षा पुन्हा देऊन किंवा सिस्कोच्या मान्य अभ्यासक्रमांतून ३० श्रेयांक मिळवून त्याचे नूतनीकरण करता येते.