रस्त्यावरचा अपघात आणि शेतकऱ्याचे बुडालेले वर्ष

रोवणीचे दिवस आले की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर गर्दी वाढते. ट्रॅक्टर चिखलणीला निघतात, पिकअपमध्ये मजूर दाटीवाटीने बसतात, खताचे पोते मोटारसायकलला बांधून माणसे गावाकडे पळतात. त्याच रस्त्यांवर कोळशाचे, सिमेंटचे आणि सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात. जानेवारी २०१९ मध्ये एटापल्ली तालुक्यात गुरुपल्लीजवळ ट्रक आणि एसटी बसची टक्कर झाली, प्रवाशांचे जीव गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये गडचिरोली-आरमोरी मार्गावर काटलीजवळ सकाळी व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना ट्रकने चिरडले. चौघे गेले, दोन जखमींना नागपूरला न्यावे लागले.

मेलेल्यांची बातमी छापून येते. जो वाचतो आणि मोडलेला पाय घेऊन घरी येतो, त्याच्या घराचे पुढे काय होते, याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो आज मांडू.

खर्च कुठून सुरू होतो?

दवाखान्याच्या बिलाआधीच खर्च सुरू होतो. १०८ ची गाडी फुकट आहे, पण ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून नागपूरच्या मेडिकलला पाठवले की सोबत दोन माणसे जातात. सिरोंच्याकडचे लोक गोदावरी ओलांडून वारंगलला जातात, तिथे भाषेचीही अडचण. सोबतच्यांचे जेवण, भाडे, बाहेरून आणायची औषधे आणि दोघांचीही बुडालेली मजुरी. त्यासाठी बैलजोडी विकली जाते किंवा दागिना गहाण पडतो.

मांडीचे हाड मोडले आणि सळी टाकली, तर जड काम करायला कित्येक महिने लागतात. जूनमध्ये अपघात झाला की रोवणी गेली, पुढे धानाची कापणीही गेली. बांधी ठेक्याने द्यावी लागते. हाड जुळले तरी गुडघा पूर्ण वाकत नसेल, तर उकिडवे बसता येत नाही. मग मे महिन्यात तेंदूपाने तोडणे नाही, मोहफुले वेचणे नाही. घरची बाई एकटी शेत, चूल आणि आजारी माणूस सांभाळते. मोठी मुलगी शाळा सोडून मजुरीला जाते. कमावता माणूस दिवसभर खाटेवर पडून चिडचिडा होतो, कोणाकडे पाणी मागायलाही त्याला लाज वाटते. हा खर्च कोणत्याच पावतीवर लिहिलेला नसतो.

कायद्याने काय मिळते?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपण म्हणतो. या बाबतीत ती म्हण बाजूला ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, २०१९ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि भरपाईची नवी कलमे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर जखमीला अडीच लाख रुपये मागता येतात. समोरच्याची चूक सिद्ध करता येत असेल, तर कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जास्त रक्कम मागता येते. अडीच लाख स्वीकारले की मोठा दावा संपतो. म्हणून विमा कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी वकिलाला विचारा. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

हिशेब कसा होतो, ते उदाहरणाने पाहू. समजा, माणूस ३५ वर्षांचा आहे, महिन्याची कमाई १०,००० रुपये सिद्ध झाली आणि कमावण्याची ताकद ३० टक्के कमी झाली असे न्यायाधिकरणाने धरले. वर्षाचे १,२०,००० रुपये, त्याचे ३० टक्के म्हणजे ३६,०००. या वयाला १६ चा गुणक आहे. झाले ५,७६,०००. औषधोपचार, प्रवास, सोबतच्या माणसाचा खर्च आणि वेदना यांची रक्कम वेगळी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का आणि कमाईतली घट एकच धरू नये, माणूस काम काय करत होता ते पाहावे. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचा गुडघा आखडला तर त्याचा पगार चालू राहतो. रोवणी करणाऱ्याची पूर्ण रोजी जाते. हे न्यायाधिकरणापुढे सांगावे लागते, आणि कमाईचा पुरावा लागतो. सातबारा, आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर धान विकल्याची पावती, ग्रामसभेच्या तेंदू मजुरीची नोंद, बँकेचे पासबुक जपून ठेवा.

ट्रक पळून गेला तर?

वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर गंभीर जखमीला ५०,००० आणि मृताच्या वारसांना २ लाख रुपये मिळतात. २०२२ पूर्वी हेच आकडे १२,५०० आणि २५,००० होते. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे जातो. महिनाभरात वाहन सापडले नाही, तर पोलिसांनी या योजनेची माहिती जखमीला किंवा वारसांना लेखी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये बजावले आहे.

केंद्राच्या मे २०२५ च्या योजनेत नेमलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार बिनपैशाचा आहे. दवाखान्यात शिरतानाच त्याची चौकशी करा.

मोटारसायकलला रानडुक्कर आडवे आले आणि आपणच पडलो, तर थर्ड पार्टी विमा आपल्याला काही देत नाही. तिथे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे. हात, पाय किंवा डोळा एक गमावला तर १ लाख, दोन गमावले किंवा मृत्यू झाला तर २ लाख. प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी कार्यालयात द्यायचा असतो. नुसत्या मोडलेल्या हाडाला हे पैसे नाहीत. वर्षाला २० रुपयांत बँकेतून निघणारा सुरक्षा विमाही घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा काढून ठेवा.

पैसे कुठे बुडतात?

पहिली चूक जागेवरच्या समझोत्याची. ड्रायव्हर पाच हजार हातावर ठेवतो, गावातले चार लोक ‘मिटवून टाका’ म्हणतात, तक्रार होत नाही. पुढे पाय वाकडा जुळला की हातात एकही कागद नसतो. दुसरी, सरळ हाड बसवणाऱ्या वैदूकडे जाण्याची. त्याच्याकडे एमएलसीची नोंद होत नाही, मग दुखापत अपघातातलीच हे दाखवायचे कसे? तिसरी, मालवाहू पिकअपमधून माणसे नेण्याची. मिरची तोडायला तेलंगणात जाणारे मजूर असेच जातात, वऱ्हाडही असेच निघते. मालवाहू गाडीतल्या फुकट प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात ठरवले आहे. मग पैसे गाडीमालकाच्या खिशातून निघायचे, आणि तो आपल्याच गावचा असतो!

चौथी चूक उशिराची. अपघातापासून सहा महिन्यांत दावा करावा असे कायदा म्हणतो. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर राहू नका. दावा अपघात झाला तिथे किंवा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो.

पोलिस पाटील, ग्रामसेवकांनो

अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्यात वाहनाचा नंबर आणि साक्षीदारांची नावे बरोबर आहेत का, ते बघा. पंचनामा मराठीत असतो. जखमीचे घर माडिया किंवा गोंडी बोलणारे असेल, तर तो त्यांच्या भाषेत समजावून सांगा. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिस अडकवतील, ही भीतीही घालवा. कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते.

आणि घरच्यांनी एवढे करावे. एक पिशवी खुंटीला टांगा. एफआयआरची प्रत, एमएलसी, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधाची प्रत्येक पावती आणि गाडीभाड्याची चिठ्ठी तीत टाका. घरात माणूस विव्हळत असताना कागद कोण सांभाळतो, हे खरे आहे. पण पुढच्या हंगामाचे बियाणे याच पिशवीतून निघायचे आहे.