मालवणचा दावा, मुंबईचे अपील

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि मालवणच्या पक्षकाराची वाट बदलली. तोवर उच्च न्यायालय म्हणजे मुंबई, सुमारे पाचशे किलोमीटर. आता घाट चढून कोल्हापूर, साधारण दीडशे. यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. राज्य पुनर्रचना अधिनियम १९५६ च्या कलम ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांनी १ ऑगस्टला काढलेली एक अधिसूचना पुरली. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्या कागदाने कोल्हापूरला जोडले गेले. १७ ऑगस्टला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले.

दिवाणी न्यायाचा इतिहास निकालपत्रांत शोधला जातो. किनाऱ्यावरच्या माणसाच्या दृष्टीने तो राजपत्रात जास्त सापडतो. दावा कुठे लावायचा, कोर्ट फीचे तिकीट किती चिकटवायचे आणि कोणत्या भाषेत बोलायचे, हे तिथेच ठरत आले आहे.

१ मे १९८१ ही त्यातली पहिली मोठी तारीख. त्या दिवशी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याआधी मालवणच्या माणसाचे जिल्ह्याचे ठिकाण रत्नागिरी, म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर दूर. नव्या जिल्ह्याचे मुख्यालय ओरोसला वसले आणि आज जिल्हा न्यायालयही तिथेच आहे. कसालमार्गे मालवणची माणसे सकाळी निघून तारीख करून संध्याकाळी घरी येतात.

अपील जिल्ह्यातच राहावे की मुंबईला जावे, हे मात्र दाव्याच्या रकमेवर ठरे. महाराष्ट्र दिवाणी न्यायालये अधिनियम मूळचा १८६९ चा. त्यातल्या रकमा वेळोवेळी वाढवल्या गेल्या. कनिष्ठ स्तर न्यायाधीशांची मर्यादा ५ लाखांवर आली. वरिष्ठ स्तराच्या निकालावरचे अपील जिल्हा न्यायालयात ऐकण्याची मर्यादा आधी १० लाख आणि मग १ कोटी झाली. जमिनीचे भाव चढत असताना हे आकडे जागचे हलले नसते, तर घराच्या एका हिश्शासाठीही लोकांना मुंबई गाठावी लागली असती.

शेतजमिनीचा हिशेब वेगळा. सारा भरणाऱ्या जमिनीच्या ताब्याच्या दाव्याचे मूल्यांकन बाजारभावाने होत नाही. सातबारावरच्या आकाराच्या, म्हणजे साऱ्याच्या रकमेच्या, ठरावीक पटीने होते. कोकणात कातळाच्या, वरकस जमिनीचा आकार कित्येकदा रुपयात नव्हे, पैशांत लिहिलेला असतो. त्यामुळे पर्यटनाने जिचे मोल आकाशाला भिडले, त्या जमिनीचा ताबा मागणारा सामान्य शेतकरीही तालुक्याच्या कोर्टात थोड्या फीमध्ये उभा राहू शकतो. ही तरतूद जुनाट म्हणून हिणवली जाते. या किनाऱ्यावर तिने गरिबाला दार उघडे ठेवले आहे, असे ठामपणे म्हणायला हवे.

घराचे तसे नाही. तिथे बाजारभाव लागतो आणि फीचे ओझे जाणवते. मराठेशाहीत निवाड्यानंतर जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ नावाची रक्कम घेत. इंग्रजी अमलात पैसे दारातच द्यायची रीत आली आणि ती आजही चालू आहे. १९५९ चा मुंबई न्यायालय फी अधिनियम, आताचा महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियम, हाच तिचा आधार. जानेवारी २०१८ मध्ये फीची कमाल रक्कम ३ लाखांवरून १० लाखांवर गेली. वाड्यावस्त्यांवरच्या दाव्यांना ती कमाल क्वचितच लागते, पण वाढीचा रोख त्यातून दिसतो.

याच कायद्याच्या कलम ४६ खाली शासन फी माफ करू शकते. १९९४ साली त्याचा सुंदर उपयोग झाला. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रात, त्याआधी लग्न न झालेल्या हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला; देशाने तो २००५ मध्ये दिला. पाठोपाठ १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना आली: पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसा आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्री पक्षकाराला न्यायालय फी माफ. कोकणातल्या माहेरवाशिणीसाठी या दोन कागदांची जोडी फार मोलाची होती. हक्कसोडपत्रावर सही करून मोकळे होणे, भावाशी वाकडे नको म्हणून गप्प राहणे, ही इथली जुनी रीत. सातबारावर हिस्सेदारांची नावे पानभर वाढत जातात आणि त्यांत बहिणीचे नाव असले तरी घराच्या ओसरीवर तिचा शब्द चालत नाही. हक्क आणि तो मागायची मोकळीक एकाच वर्षी मिळाली होती.

मग २००० साली शासनाने खुलासा केला की मालमत्तेचे वाद म्हणजे वैवाहिक संबंधांतून उद्भवलेले वाद. एका ओळीने माहेरच्या घरात हिस्सा मागणारी बहीण सवलतीबाहेर गेली. नवऱ्याशी भांडणाऱ्या स्त्रीला माफी आणि भावाकडे वाटा मागणारीला बाजारभावाने फी, हा भेद समर्थनीय नाही. पंचवीस वर्षे तो तसाच राहिला, हे खेदाचे आहे.

भाषेच्या बाबतीत मात्र पाऊल पुढेच पडले. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने काही अपवाद वगळता जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. व्यवहारात तिची गती संथ राहिली, तरी मराठीतला दावा हा आपला अधिकार आहे, हे पक्षकाराला सांगता आले.

कोल्हापूरबद्दल मोकळेपणाने एक गोष्ट सांगायला हवी. तिथल्या वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ मागणी लावून धरली आणि तिचे फळ सिंधुदुर्गलाही मिळाले. पण मालवणी माणसाची मुंबईत चुलत्याची खोली असते; कोल्हापुरात उतरायचे कुठे, हा प्रश्न उरतो. कोकण रेल्वेने मुंबई एका रात्रीत गाठता येते, तर पावसाळ्यात दरड आली की कोल्हापूरच्या वाटेवरचा करूळ घाट बंद. सावंतवाडीकराला पणजी कितीतरी जवळ, तिथेही १९८२ पासून याच उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, पण ते गोव्याचे. तरीही दिवसभरात जाऊन येता येईल असे उच्च न्यायालय या जिल्ह्याला पहिल्यांदाच मिळाले, हा लाभ मोठा आहे.

अंतर कमी करणारा कागद निघाला. आता १९९४ ची सवलत मूळ रूपात परत देणारा कागद निघाला पाहिजे. तो निघेपर्यंत माहेरच्या हिश्शासाठी दावा लावू पाहणाऱ्या प्रत्येक बहिणीने एक लक्षात ठेवावे: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवा मिळते आणि तीत न्यायालय फीचाही समावेश आहे. तिकिटासाठी दागिना मोडण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.