पाणबुड्याचे पट्टे

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. गोव्याच्या समुद्रात ग्रँड बेटानजीक तो स्कूबा शिकला असून आता स्वतःचे साहित्य घेण्याच्या विचारात होता. "सर, पट्टे साधे घेऊ की सोयीचे?" त्याने विचारले. मराठीच्या मास्तराला हा प्रश्न नवाच. परंतु त्याने सारे उलगडून सांगितले, तेव्हा त्यातील मर्म ध्यानी आले.

पाण्यात ना बुडावे, ना वर यावे, अशी समस्थिती राखण्यासाठी पाणबुड्या पाठीवर हवेची पिशवी बाळगतो. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो; पिशवीतील हवा आक्रसते आणि वर येताना पुन्हा फुगते. ही पिशवी व हवेची टाकी अंगाशी स्थिर ठेवणे हे पट्ट्यांचे काम. पट्टे ढिले असतील तर टाकी डुलते आणि तोल जातो.

साध्या प्रकारात पाठीवर धातूची पाटी असते. तीतून ओवलेली सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीची एकच अखंड नायलॉनची पट्टी दोन्ही खांद्यांवरून कमरेस येते. बकल एकच, कमरेशी. दुसरा पट्टा पायांमधून जातो. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या जलमय गुहांत ही रीत रुळली. तेथील पाणबुडे विल्यम हॉगार्थ मेन यांच्या नावाने ती ओळखली जाते. गुहेत डोक्यावर खडकाचे छत. संकटात सरळ वर येता येत नाही. म्हणून जितके सांधे कमी, तितकी मोडतोडीची भीती कमी, हा त्यामागील विचार.

सोयीच्या प्रकारात खांद्यांवरही बकले असतात. ती तुटण्याची शक्यता थोडी वाढते खरी; परंतु थंड पाण्यातील जाड पोशाखात किंवा हलत्या होडीशेजारी साहित्य उतरविताना ती उपकारक ठरतात.

मी त्याला एवढेच म्हटले, "साधा पट्टा चढवून आधी हात बाहेर काढून दाखव." क्रिकेटमध्ये दुखावलेला त्याचा उजवा खांदा वळेना. पट्टा थोडा सैल केला, तरीही हात अडकला. तेव्हा त्याने उजव्या खांद्यावर बकल असलेलाच पट्टा घेण्याचे ठरविले.

गुहेत उतरणाऱ्यांचा नियम खोटा नव्हे. परंतु तो त्यांच्या गुहेसाठी आहे. ज्या पट्ट्यातून आपणांस स्वतःला सुटता येत नाही, तो कितीही मजबूत असला तरी आपला नव्हे.